शुक्राणू बशीत तयार झाले, पण...

एका पोस्टमध्ये कुणीतरी लिहिलंय की जपानमध्ये भ्रूणाच्या स्टेम सेलपासून (शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींपासून) शुक्राणू बनले, म्हणजे शुक्राणू नसलेल्या पुरुषांसाठी दोन-चार वर्षांत आपल्याकडेही सोय होईल. बातमी खरी आहे, पण ती उंदरांची आणि 2011 ची. जपानमधल्या क्योतोच्या सैतोऊ आणि हायाशी या शास्त्रज्ञांच्या गटाने प्रयोगशाळेतल्या बशीत बनवल्या त्या शुक्राणूंच्या आद्यपेशी. त्या जन्मतःच जननपेशी नसलेल्या उंदरांच्या वृषणात सोडल्या, तिथे शुक्राणू पिकले आणि मग पिल्लं झाली. शेवटचं काम वृषणानेच केलं, हे बातमीत नेमकं गळतं. माणसाच्या बाबतीत 2018 मध्ये सैतोऊंच्याच गटाची मजल अंड्याच्या आधीच्या पेशीपर्यंत गेली. तीही उंदराच्या भ्रूणातल्या अंडाशयाच्या पेशींसोबत कित्येक महिने वाढवून. पिकलेलं अंडं अजून लांबच.

हे एवढं सांगतोय कारण माझ्या मावसभावाचा रिपोर्ट 'शुक्राणू शून्य' आला, तेव्हा इथे सोलापुरात एका दलालाने त्याला 'स्टेम सेलनं परत आणतो' म्हणून गाठलं होतं. अॅडव्हान्स द्यायला गडी निघालाच होता! त्याच्या डॉक्टरांनी आधी शुक्राणू बाहेर येण्याच्या वाटेत अडथळा आहे का ते तपासायला लावलं. नळीत अडथळाच निघाला. वृषणातून सुईने शुक्राणू काढून इक्सी केलं, म्हणजे प्रयोगशाळेत एकेक शुक्राणू थेट अंड्यात सोडला. स्टेम सेलचा संबंधच नव्हता.