हादग्याची खिरापत ग्रुपवर कोण जाहीर करतं?

ए-३ काकी: सेक्रेटरीसाहेब, मघाशी टाकलेली हादग्याची यादी आधी काढा. सुरळीच्या वड्या, खोबऱ्याची बर्फी, भडंग, सगळं लिहून मोकळे! खिरापत ओळखायची असते. पोरींनी वाचली की ती. आता संध्याकाळी त्या काय ओळखणार?

सेक्रेटरी: काकी, गैरसमज नको. केटररनं पाठवली तशी मंजुरीसाठी पुढं टाकली. 'आम्हाला विचारलं नाही' असं मागं इथंच ऐकवलं होतं.

ए-३ काकी: ते गणपतीच्या जेवणाचं. आणि ते मी नव्हते म्हटलं. ज्यांनी म्हटलं त्यांना ठाऊक आहे.

सी-२ वहिनी: माझ्याबद्दल असेल तर सरळ बोला काकी 🙏

बी-४ आण्णा: सर्व सभासदांना विनंती. हॉलमधल्या कपाटातून नोंद न करता नेलेली पुस्तकं परत आलेली नाहीत. खांडेकरांची कादंबरी, स्वयंपाकाची दोन पुस्तकं आणि हादग्याच्या गाण्यांची निळी वही. कृपया परत करावीत.

ए-५ दादा: आण्णा, इथं खिरापतीचं चाललंय.

बी-४ आण्णा: वही हादग्याचीच आहे.

सी-२ वहिनी: केटरर सांगितला कारण आमच्यातल्या निम्म्या जणी सहाला कामावरून येतात. घरी केलं तर उत्तमच, पण करणार कोण ते पण लिहा. दर वर्षी त्याच चार घरांतून डबे येतात.

ए-३ काकी: वहिनी, हे तुमचं बरोबर आहे. ताण कुणालाच नको. पण विकतचं आणायचं तरी झाकून आणा की.

ए-५ दादा: मी सांगतो, पांढरा रस्सा ठेवा डब्यात. एकीला पण ओळखता यायचं नाही. नाद खुळा खिरापत!

ए-३ काकी: नवरात्रात? देवीचं नाव घ्या जरा.

बी-१ भाऊ: दादा, रस्सा राहू दे, आधी ती बुलेट हॉलच्या दारातनं काढ. पोरी फेर कुठं धरणार?

ए-५ दादा: गाडी माझ्या पार्किंगमध्येच आहे. तुमचं जुनं कपाट हललं तर अजून आत घेतो.

सेक्रेटरी: पार्किंगचा विषय मीटिंगमध्ये. कृपया 🙏

ए-१ आज्जी: नात लिहित्येय, मी सांगत्येय. हस्त नक्षत्र लागलं की आमच्या मंगळवार पेठेतल्या वाड्यात भिंतीवर समोरासमोर तोंड केलेल्या दोन हत्तींचं चित्र लागायचं. वर फळांची माळ. पहिल्या दिवशी एक गाणं नि एक खिरापत, असं वाढत वाढत सोळाव्या दिवशी सोळा. एका घरचं झालं की पोरी दुसऱ्या घरी. डबा आणला की आधी कानाशी धरून वाजवायचा. लाडू असले की धडधड वाजतात, चिवडा सळसळतो. आई मोठी हुशार. डब्यात वाटली डाळ गच्च भरायची आणि वरनं चार चिंचोके टाकायची. सगळ्या पोरी 'फुटाणे, फुटाणे' करून दमायच्या. मग विचारायचं, तिखट का गोड, तळलेलं का भाजलेलं. हरलो म्हटल्याशिवाय झाकण काढायचं नाही. खाणं घासभरच असायचं, पण सगळी मजा त्या झाकणात होती.

सी-५ ताई: आज्जी, किती छान! आमच्या पुण्याकडं आता एकाच दिवशी उरकतात. पाटावर हत्ती काढून मध्ये ठेवतात.

ए-३ काकी: आज्जी, माझ्या मनातलं बोललासा 🙏

बी-४ आण्णा: ज्यांच्याकडे निळी वही आहे त्यांनी ती दारात ठेवली तरी चालेल. कुणी विचारणार नाही. स्मरणासाठी: खांडेकरांची कादंबरी, स्वयंपाकाची दोन पुस्तकं, निळी वही.

बी-१ भाऊ: आण्णा, खांडेकर कोण वाचतंय आता? नवीन काहीतरी घ्या कपाटात.

बी-४ आण्णा: भाऊ, मराठीला पहिलं ज्ञानपीठ त्याच कादंबरीनं मिळवून दिलं, १९७४ चं. आयुष्याची शेवटची बरीच वर्षं ते याच गावात, आपल्या कोल्हापुरात राहिले. आणि या गावात वाचनालय १८५० पासून आहे, आजचं करवीर नगर वाचन मंदिर. अशा गावात आपलं एक कपाट सांभाळता येऊ नये, याचं मला वाईट वाटतं.

बी-१ भाऊ: आण्णा, राग नको. मी सहज म्हटलं.

सी-२ वहिनी: मुद्द्यावर. तारीख पंचमी का ठेवली? त्र्यंबोलीच्या भेटीला अंबाबाईची पालखी टेंबलाईला जाते, तिथं कोहळा फुटतो. निम्मी सोसायटी टेकडीवर असते. घरी येऊन परत फेर कोण धरणार?

सेक्रेटरी: मग अष्टमी?

ए-३ काकी: अष्टमीला रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते. आणि आमच्यात त्याच दिवशी कडाकण्या बांधायच्या असतात.

सी-२ वहिनी: आमच्यात नवमीला.

ए-३ काकी: घटावर फुलोरा अष्टमीलाच चढतो.

सी-२ वहिनी: तुमच्यात चढत असेल काकी. आमच्या सासूबाई नवमीलाच बांधायच्या, पन्नास वर्षं.

ए-१ आज्जी: दोन्ही बरोबर. ज्याच्या त्याच्या घरची रीत. भांडू नका.

सी-५ ताई: कडाकण्या मला शिकायच्यात. मागच्या वर्षी पुऱ्यांसारख्या फुगल्या.

ए-३ काकी: गुळाचं पाणी गार करून कणीक घट्ट मळा, थोडा रवा, कडकडीत तेलाचं मोहन. पापडासारखं पातळ लाटा, काट्यानं टोचे द्या म्हणजे फुगत नाहीत. दोऱ्याचं भोक तळायच्या आधीच पाडा, नंतर पाडायला गेलं की तुकडे होतात. मंद आचेवर तळा. वेणी, फणी, करंडा करायचा तर कणीक जरा जाड ठेवा. या संध्याकाळी, दाखवते.

सी-२ वहिनी: मी पण येतो काकी. माझी फणी दर वर्षी मोडते.

ए-३ काकी: या की. चहा टाकते.

सेक्रेटरी: तारीख षष्ठी चालेल का? बोला.

ए-५ दादा: चालेल. बुलेट पण काढतो त्या दिवशी.

बी-१ भाऊ: मी पण कपाट हलवतो. त्या दिवशी.

सी-५ ताई: एक विचारू? ओळखणाऱ्या पोरींना प्लास्टिकच्या डब्यांऐवजी गोष्टींची पुस्तकं देऊया का? घरी डबे किती साठलेत.

बी-४ आण्णा: अतिशय चांगली सूचना. निवड मी करतो. पण निळी वही परत आल्याशिवाय गाणी म्हणणार कशी?

ए-१ आज्जी: मी नात बोलतो. आण्णा आजोबा, निळी वही आमच्याकडं हाय. आज्जीनं गाण्यांत विसरलेल्या ओळी लिहिल्यात त्यात पेन्सिलनं. चार गाणी राहिलीत, मग देतो.

बी-४ आण्णा: अगं पोरी, मग घाई करू नकोस. आज्जींना म्हणावं सगळं लिहून होऊ दे. बाकी तीन पुस्तकं ज्यांच्याकडे आहेत त्यांनी मात्र परत करावीत. खांडेकरांची कादंबरी आणि स्वयंपाकाची दोन.

सेक्रेटरी: यादी काढली आहे. केटरर रद्द. प्रत्येक मजल्यावरनं एक डबा, आत काय ते फक्त करणाऱ्याला माहीत. उपवासवाल्यांसाठी दोन डबे वेगळे, झाकणावर खूण करा. ग्रुपवर एक अक्षर लिहायचं नाही.

सी-२ वहिनी: दुसऱ्या मजल्याचा डबा मी करतो. शिल्लक राहिलेला रवा संपवायचाच आहे.

ए-३ काकी: वहिनी!!! लगेच डिलीट करा.