प्री-वेडिंगला भाड्याचा गाऊन की घरचं इरकल?

येळ्ळूरचा थोरला
बहिणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर, आणि फोटोशूट पुढच्या आठवड्यात, बेळगावजवळच्या राजहंसगडावर. फोटोग्राफरनं लाल गाऊन सुचवलाय, मागं चार मीटरचा घोळ. भाडं दिवसाला साडेतीन हजार. आजीच्या ट्रंकेत काळं इरकल घडी घालून पडलंय, लाल टोपपदर, वर गुळेदगुड्डचा खण. माझं मत सरळ आहे: गाऊनमधली पोरगी दिल्लीची दिसेल, इरकलमधली आपली. पटत नसेल तर बोला.

निपाणीची सून
नाही पटत. तुझी बहीण इरकल रोज नेसते का? नाही ना? मग तोही ड्रेसच की! गॅदरिंगला कोळीण होतात तसलं. आमच्या शूटला सासूबाईंच्या हौसेनं नऊवारी नेसले. सगळ्या फोटोंत माझा एक हात निऱ्यांवर. गाऊन तर गाऊन, तिला हवा असेल तर घालू दे.

टिळकवाडी कॅमेरा
मी लग्नाचे फोटो काढतो, म्हणून आधी कामाचं सांगतो. गडावर वारं इतकं असतं की तो घोळ उडवायला एक आणि धरायला एक माणूस लागतो. पावसाळ्यात खाली चिखल, तांबडी माती. भाड्याच्या गाऊनला डाग पडला की डिपॉझिट गेलं. शिवाय सगळीकडं हिरवं असताना हिरवे कपडे नकोत, माणूस गवतात हरवतो. पांढरं घातलं तर गवताची हिरवी झाक कापडावर येते, हनुवटीखालीसुद्धा. काळ्यावर लाल पदर उठून दिसेल.
एकच बघा, इरकल बारीक चौकड्यांचं आहे काय? दाट बारीक चौकटी कॅमेऱ्यात लाटा लाटा दिसतात. एक क्लोजअप काढून मोठा करून बघा.

खासबागचा माग
आमच्या घरात माग होता म्हणून सांगतो. इरकलचा पदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचा असतो, अंगाच्या ताण्याला एकेक धागा अडकवून जोडतात. तो जोड बघा. जुनं लुगडं घडीवर विरलेलं असतं आणि ओढ बसली की तिथंच फाटतं. आजीचं लुगडं गडावर नेऊ नका. शहापुरात नवं मिळतं, पण नव्याचा लाल रंग पावसात सुटू शकतो, आधी कोपरा भिजवून बघा.

निपाणीची सून
म्हणजे गाऊनला चिखल आणि इरकलला पाऊस! मग गडच कशाला? घरात, अंगणात काढा की. साध्या पंजाबी ड्रेसवर. पन्नास वर्षांनी नातवंडं "आजी अशी दिसायची" म्हणतील.

येळ्ळूरचा थोरला
पंजाबी ड्रेसवर फोटो काढायला साठ हजाराचं पॅकेज कोण घेतंय, वहिनी?

निपाणीची सून
हां, मग खरं दुखणं पॅकेजचं आहे. इरकलच्या आड लपवू नको.

येळ्ळूरचा थोरला
थोडं आहे, कबूल. पण आजीचंही आहे. काल ट्रंक उघडली, डांबरगोळीचा वास घरभर, आणि आजी पदर मांडीवर घेऊन बसली ती उठेचना. बहीण बाजूला मोबाईलवर गाऊन बघत होती. मला ते बघवलं नाही.

चिकोडीकडची
इतका वेळ वाचूलालोय. पोरीनं काय घालायचं ह्यावर भाऊ, फोटोग्राफर, विणकर सगळे बोलले. नवरदेव काय घालणार हे कुणी विचारलं काय?

येळ्ळूरचा थोरला
आत्ता फोन करून विचारलं. म्हणाला, "काळा शर्ट आहे की."

टिळकवाडी कॅमेरा
काळ्या इरकलशेजारी काळा शर्ट? त्याला सांगा, दुसरा शर्ट घे. दोघांची नुसती डोकी दिसतील.