प्रतिसाद: बूट शिवता शिवता शाळा चालवणारा जॉन पाउंड्स

वर कोणीतरी लिहिलंय ना की चपलाबुटांच्या धंद्यात शिकणं म्हणजे बापाकडे बघून हात बसवणं, शाळाबिळा काही नाही, त्यावरून इंग्लंडमधल्या पोर्ट्समथचा जॉन पाउंड्स आठवला. जन्म १७६६ चा, बाराव्या वर्षी डॉकयार्डात जहाजबांधणीच्या कामाला लागला, पंधराव्या वर्षी गोदीत पडून कायमचा अधू झाला, मग बूट दुरुस्ती शिकून सेंट मेरी स्ट्रीटवर दुकान टाकलं (दुकान कसलं, खोपटंच).

त्याने सांभाळलेल्या पुतण्याचे पाय आत वळलेले होते, तर या बाबाने जुने बूट आणि चामड्याच्या पट्ट्या जोडून पायाला बांधायचं साधन स्वतःच बनवलं आणि पाय हळूहळू सरळ केले! मला तर हे त्याच्या शाळेपेक्षा भारी वाटतं.

शाळाही त्या पोरामुळेच सुरू झाली, त्याला शिकताना सोबत हवी म्हणून गल्लीतली पोरं गोळा केली आणि आकडा तीस-चाळीसवर गेला. याच्या मांडीवर बूट, आणि पोरं पायऱ्यांवर बसून जुन्या जाहिरातींचे कागद वाचतायत. फी शून्य. वाचन, हिशोब, स्वयंपाक, आणि आपले बूट आपणच दुरुस्त करणं, सगळं तिथेच. येत नसतील त्यांना गरम भाजलेल्या बटाट्याची लाच.

१८३९ ला गेला. पुढे एडिंबरात गरीब मुलांच्या रॅगेड स्कूल्ससाठी झटणाऱ्या थॉमस गथ्रीने याचं चित्र बघूनच प्रेरणा घेतली असं स्वतः सांगितलंय.