कारवानी कुत्री घरात ऐकते, माळावर हाकेला येत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे नऊ महिन्यांची कारवानी कुत्री आहे, नाव हरणी. तासगावच्या बाजूला शेतातच घर, पुढे द्राक्षबाग, मागे मोकळा माळ. घरात 'बस', 'थांब', 'ये' सगळं ऐकते. उकडलेल्या चिकनचा तुकडा किंवा पनीर हातात असलं की नजर हलत नाही. माळावर मात्र तेच चिकन नाकाशी धरलं तरी तोंड फिरवते. लांबवर एखादी शेळी हलली की कान टवकारले जातात, मग माझी हाक तिच्यापर्यंत पोचतच नाही.

सध्या दोरीशिवाय सोडत नाही. शेजारच्या रानात मेंढ्या बसायला येतात, बरोबर कोकरं असतात. ती एखाद्या कोकरामागे लागली तर मेंढपाळाचं नुकसान आणि हिच्याही जिवाला धोका. पण ही जात पळण्यासाठीच जन्मलेली, तिला आयुष्यभर बांधून फिरवायचं माझ्या जिवावर येतं. म्हणून हाकेला परत येणं पक्कं करायचं आहे.

बाहेर खाऊला न बधणाऱ्या कुत्र्याला खेळण्याचं बक्षीस देऊन शिकवता येतं का? चेंडू टाकला की वाऱ्यासारखी जाते, उचलते आणि लांब जाऊन बसते, परत आणत नाही. शिवाय हात रिकामा दिसला की घरातसुद्धा आधी विचार करते. खाऊ दिसला तरच ऐकायचं, अशी सवय लागते आहे का? आणि घरचे म्हणतात, रोज चिकन कशाला, शेडवर बेदाणा पडलाय, तोच खिशात ठेव. चालेल का? अजून दिलेला नाही.

मारणं, ओरडणं, काटेरी पट्टा असले उपाय कृपया सुचवू नयेत.

– हिरवी वेल

रानवेडा:
आधी बेदाण्याचं. एकही देऊ नका! द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी असतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर त्रास होईल हे कुत्र्यागणिक बदलतं, त्यामुळे 'थोडा चालतो' असं काही नाही. बागेत खाली पडलेल्या मण्यांवरही लक्ष ठेवा. चुकून खाल्लेच, तर उलट्यांची वाट न बघता लगेच डॉक्टर गाठा. कांदा, लसूण, चॉकलेटही नको. चिकन बिनमिठाचं, हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा पुरे. दिवसभराचा खाऊ एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा.

माळकरी:
रानवेडा यांच्याशी पूर्ण सहमत. आता शिकवण्याबद्दल.

कारवानी, मुधोळ ही नजरेनं शिकार करणारी कुत्री. हलणारी वस्तू हेच त्यांचं सगळ्यात मोठं बक्षीस, म्हणून माळावर चिकन फिकं पडतं. मग पाठलागच बक्षीस म्हणून तुमच्या हातात घ्या. लांब काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला मऊ चिंधी किंवा लोकरीचा तुकडा बांधा. चिंधी जमिनीलगत सळसळत फिरवा. उंच उडवू नका, वाढत्या वयात उड्यांनी सांध्यांना इजा होते. दोन-तीन मिनिटं खेळ, ती रंगात असतानाच थांबवा आणि काठी कपाटात ठेवा. हे खेळणं एरवी तिला मिळता कामा नये.

मग हाक जोडायची. अंगणात ती जरा लांब असताना एकदाच 'हरणी, ये'. वळली की त्याच क्षणी 'शाब्बास', आणि तुमच्या पायाशी चिंधी जिवंत होऊ द्या. पोलिसांच्या वास काढणाऱ्या कुत्र्यांनाही काम फत्ते झाल्यावर बहुधा चेंडूच मिळतो. अंगणात जमलं की फाटकाबाहेर, मग बांधावर, मग माळाच्या कडेला. मेंढ्या दिसतात तिथे सर्वांत शेवटी, तेही दहा मीटरच्या दोरीवर. दोरी गळपट्ट्याला नको, छातीच्या पट्ट्याला लावा. ही कुत्री क्षणात वेग घेतात आणि मानेला हिसका बसतो.

खाऊ सोडू नका. 'बस', 'थांब' अशा शांत कामांना खाऊच बरा, खेळण्यानं ती उसळेल. फक्त तो हातात दाखवू नका. डबा खिडकीत ठेवा, रिकाम्या हातानं सांगा, तिनं केलं की 'शाब्बास' म्हणून डब्यातून काढून द्या. खाऊ कामानंतर येतो, कुठूनही येतो, हे कळलं की हात तपासणं थांबतं. काम पक्कं झाल्यावर कधी द्या, कधी नुसतं कौतुक करा.

आणि माळावर खाऊ नाकारते म्हणजे ती खूप उत्तेजित झालेली आहे. तेव्हा शिकवायला जाऊ नका, शेळ्यांपासून अंतर वाढवा.

हिरवी वेल:
मनापासून आभार. बेदाण्याचं घरी सगळ्यांना आत्ताच सांगितलं, शेडकडे जाणारं दार बंद ठेवतोय. एक शंका: चिंधी पकडली की ती सोडणार नाही, चेंडूसारखीच घेऊन जाईल. हिसकावून घेतली तर आणखी लांब पळते.

माळकरी:
हिसकावू नका, मागेही धावू नका, पाठलाग तिला आवडतोच. एकसारख्या दोन चिंध्या ठेवा. पहिली तोंडात असली की दोरी ढिली सोडून ती निर्जीव होऊ द्या आणि दुसरी हलवायला लागा. पहिली तोंडातून पडत असतानाच 'सोड' म्हणा आणि दुसरीमागे धावू द्या. सोडलं की खेळ संपत नाही, उलट पुन्हा सुरू होतो, हे तिला कळू द्या. चेंडूही दोन घ्या आणि सुरुवात व्हरांड्यात करा, तिथे तिला लांब जायला जागाच नसते.