मदत हवी आहे: व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं दुखणं कसं मोजता?

परभणीत आयसीयूला स्टाफ नर्स आहे. बोलणाऱ्या पेशंटला ० ते १० विचारता येतं, पण तोंडात नळी असलेल्याचं काय? नुसत्या बीपी-पल्सवर भरवसा नाही, म्हणून सीपॉट (CPOT, बोलू न शकणाऱ्या पेशंटचं दुखणं निरीक्षणातून मोजायचा तक्ता) सुरू करायचाय: चेहरा, हालचाल, स्नायूंचा ताठरपणा, व्हेंटिलेटरशी जुळणं. प्रत्येकी ० ते २, एकूण ८. ३ किंवा त्याहून जास्त आले की दुखतंय असं धरायचं.

अडचण अशी की, अर्धांगवायू झालेल्याला हालचालीचे मार्क कसे द्यायचे? आणि कूस बदलण्याआधी, सक्शनआधी (नळीतला कफ ओढून काढण्याआधी) फेंटानिल (वेदनाशामक) द्यायचं हे तुमचे डॉक्टर ऑर्डरमध्येच लिहितात का? आमच्याकडे दरवेळी फोन करावा लागतो. त्यात नातेवाईक ‘गुंगीचं कमी करा’ म्हणून मागे लागतात (त्यांचंही चूक नाही म्हणा).

कुणाकडे मराठी तक्ता असेल तर टाका ना.