शब्दयादीच्या ओपन सोर्स प्रकल्पाला योगदानाचे आणि वागणुकीचे नियम लिहायचेत. काय ठेवावं, काय गाळावं?

रावपुरा_टर्मिनल

नमस्कार मंडळी. बडोद्यातले आम्ही काही जण मराठी स्पेलचेकरची शब्दयादी सांभाळतो. हनस्पेलच्या (शुद्धलेखन तपासणाऱ्या मुक्त प्रणालीच्या) स्वरूपात आहे, त्यामुळे लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स दोन्हीकडे चालते. रिपॉझिटरी (प्रकल्पाच्या फाइलींचा साठा) गिटहब या संकेतस्थळावर, एकाच्या वैयक्तिक खात्यात. आजवर सगळे ओळखीचे होते, दांडिया बाजारात चहावर ठरायचं आणि काम व्हायचं. आता इंदूर-ग्वाल्हेरहून आणि इथल्या विद्यापीठातल्या मुलांकडून पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याच्या विनंत्या) यायला लागल्यात. तोंडी कारभार पुरत नाही.

अडचणी तीन. कोणी एकगठ्ठा दोन हजार शब्द पाठवतं, तेही कुठल्यातरी कोशातून उचललेले. दोघांनी एकाच वेळी शब्द घातले की मर्ज (बदल एकत्र करणं) अडकतं. आणि एका चर्चेत "ही बडोदेकरांची गुजराती वळणाची मराठी यादीत कशाला" इथून सुरुवात होऊन गोष्ट वैयक्तिक शेऱ्यांवर गेली, एक चांगला माणूस काम सोडून गेला.

कॉन्ट्रिब्युटर कोव्हेनंट (वागणुकीच्या नियमांचा तयार मसुदा) आहे तसा चिकटवला तर भागेल का? नियम मराठीत लिहावेत की इंग्रजीत? तक्रार नेमकी कोणाकडे जावी?

सुरसागर_४२

आधी योगदानाचं बघू, कारण निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. पुल रिक्वेस्ट का नाकारली हे आधी कुठे लिहिलेलं नसलं की समोरच्याला तो अपमान वाटतो.

फाइलचं नाव इंग्रजीतच, कॉन्ट्रिब्युटिंग डॉट एमडी असं ठेवा, नाहीतर गिटहबला ती ओळखू येत नाही. मजकूर खुशाल मराठीत लिहा. ती डॉट-गिटहब फोल्डरात, मुळाशी किंवा डॉक्समध्ये ठेवता येते. तिन्हीकडे असली तर याच क्रमाने पहिली सापडेल ती धरली जाते. तेव्हा एकच ठेवा, नाहीतर तुम्ही एक दुरुस्त करत बसाल आणि लोकांना दुसरीच दिसेल.

आता आकार. एका पुल रिक्वेस्टमध्ये जास्तीत जास्त ५० शब्द, एकाच विषयाचे. आकडा माझा आहे, ४० करा, ६० करा, पण आकडा असू द्या. "लहान ठेवा" म्हटलं की प्रत्येकाचं लहान वेगळं असतं. दोन हजार शब्द कोणी वाचत नाही, शंभराच्या पुढे डोळा नुसता घसरत जातो, आणि हनस्पेलमध्ये एका चुकीच्या फ्लॅगची किंमत फार मोठी आहे. फ्लॅग म्हणजे त्या शब्दाला कुठले प्रत्यय कसे लागतात याची खूण. "फूल"चं सामान्यरूप "फुला", "माणूस"चं "माणसा". नवख्याने या दोघांना "घर"चा फ्लॅग लावला की "फूलाला", "माणूसाला", "फूलांनी", "माणूसांचा" अशी सगळी पलटण बरोबर ठरते आणि स्पेलचेकर ती मुकाट्याने पास करतो. दहा शब्द यादीत नसलेले परवडले, लोक "शब्दकोशात जोडा" म्हणून पुढे जातात. चुकीचं रूप बरोबर ठरलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून प्रत्येक नव्या नामासोबत तीन रूपं मागा: मूळ शब्द, "ला" लावून एकवचन, "नी" लावून अनेकवचन. फूल, फुलाला, फुलांनी. ज्याला फ्लॅग कळत नाही तोही एवढं लिहू शकतो, फ्लॅग तुम्ही लावा. शुद्धलेखनाचा वाद आला तर १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ ला त्यात भर पडलेले चार, एवढंच प्रमाण, असं एका ओळीत लिहून टाका. नियम आवडतात की नाही ही चर्चा शब्दयादीत नको.

मर्ज अडकण्याचं कारण बहुतेक डिक फाइलची (हनस्पेलच्या शब्दयादीच्या फाइलची) पहिली ओळ आहे. तिथे एकूण शब्दांची संख्या असते. दोघांनीही संख्या वाढवली की दोघांनी एकच ओळ बदलली, मग गिट काय करणार. उपाय: डिक फाइल हाताने लिहायचीच नाही. आद्याक्षराप्रमाणे साध्या टेक्स्ट फाइल ठेवा, लोकांनी त्यांतच भर घालावी आणि संख्येसह डिक फाइल स्क्रिप्टने बनवावी. नवे शब्द फाइलच्या शेवटी चिकटवू देऊ नका, क्रमाने जागच्या जागी घालायला सांगा, म्हणजे शेवटच्या ओळीवर टक्कर होत नाही. क्रम लावताना लोकेल (भाषेनुसार क्रम ठरवणारी सेटिंग) "सी" ठरवून द्या. नाहीतर एकाच्या मशीनवर ळ एकीकडे आणि दुसऱ्याच्या मशीनवर भलतीकडे, आणि अर्धी फाइल उगाच बदललेली दिसते.

विंडोजवरच्या नोटपॅडने सुरुवातीला अदृश्य बीओएम (एन्कोडिंगची खूण) टाकला किंवा ओळींचे शेवट बदलले, तेही तपासणीने पकडा, माणसाने नाही. आणि दोन खास आपल्या खोड्या. "दऱ्या"तला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: युनिकोडचा ०९३१ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अदृश्य जोडचिन्ह) लावून. "ॲप"चा ॲ ०९७२ असू शकतो किंवा अ आणि चंद्र असे दोन वेगळे. पडद्यावर फरक दिसत नाही. एनएफसी (युनिकोडचं प्रमाणीकरण) करूनही या जोड्या एक होत नाहीत, त्यासाठी स्वतःची तपासणी लिहावी लागते. साठवायला एक रूप ठरवा आणि दुसरं ॲफ फाइलमध्ये (प्रत्ययांच्या नियमांच्या फाइलमध्ये) आयकॉन्व्ह या सूचनेने त्यावर वळवा, म्हणजे दोन्ही कीबोर्डवाले सुखी.

या तपासण्या गिटहब ॲक्शन्सवर (बदल आला की स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) चालवाल तर नियमांत एक वाक्य नक्की घाला: पहिल्यांदा योगदान देणाऱ्याची तपासणी मेंटेनरने (प्रकल्प सांभाळणाऱ्याने) परवानगी दिल्याशिवाय सुरू होत नाही. हे माहीत नसलं की मुलं पिवळा ठिपका बघत बसतात, मग तीच पुल रिक्वेस्ट बंद करून पुन्हा उघडतात.

तोपखाना_इंदूर

वर सगळं आलं, फक्त मुदती राहिल्या. पहिलं उत्तर सात दिवसांत, चौदा दिवसांत काहीच नाही आलं तर योगदात्याने एकदा आठवण करावी. इश्यू (नोंदवलेलं काम) अंगावर घेऊन चौदा दिवस हालचाल नसेल तर तो मोकळा. दोन्ही बाजूंना मुदत असावी, नाहीतर नियम फक्त पाहुण्यांना आणि यजमान मोकळे!

ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्टच्या (मुक्त प्रकल्पांना योगदान देण्याच्या मोहिमेच्या) नादात एक स्वल्पविराम बदललेल्या पुल रिक्वेस्ट येतील असं वाटत असेल तर रिपॉझिटरीला त्या नावाचा टॉपिक (विषयाची खूण) लावू नका. २०२० मध्ये स्पॅमचा पूर आला तेव्हापासून प्रकल्पाने स्वतःहून भाग घेतला तरच मोजतात.

लष्कर_ग्वाल्हेर

कोशातून उचललेल्या शब्दांबद्दल कोणी बोललं नाही, आणि मला विचाराल तर हाच मुद्दा सर्वांत आधी मिटवायला हवा. वागणूक बिघडली तर सुधारता येते. दुसऱ्याचा माल यादीत शिरला तर निवडून काढणं महाकठीण.

एखादा सुटा शब्द कोणाच्या मालकीचा नसतो. पण कोशकाराने निवडून, रचून केलेला संग्रह कायद्याने संरक्षित असू शकतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृतीच्या व्याख्येत संकलनंही येतात, आणि मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे नियम सरळ ठेवा: चालू कोशाची पानं बघून ओळीने शब्द उतरवायचे नाहीत. मोल्सवर्थची १८५७ ची आवृत्ती कधीच मुक्त झाली आहे. पण तिथलं लेखन जुनं, आजच्या नियमांत बसवूनच घ्यावं लागेल. विकिपीडिया आणि विक्शनरीचा मजकूर सीसी बाय-एसए (श्रेय द्या आणि त्याच अटींवर वाटा) खाली आहे. तुमच्या लायसन्सशी ते जुळतं का, हे आधी बघा. आणि लायसन्स फाइल आहे ना? ती नसेल तर बाकी सगळं थांबवून आधी ती घाला. एआयकडून काढलेली यादी आणली तर तसं सांगावं, आणि प्रत्येक शब्दाला वापराचा आधार द्यावा. तो न दिल्यास परत.

मूळ कुठलं हे नोंदवायला डीसीओ (योगदान कुठून आलं याचं प्रमाणपत्र) घ्या. २००४ मध्ये लिनक्स कर्नलसाठी आलं, एक पानसुद्धा नाही, आणि वकील लागत नाही. कमिट (बदलाची नोंद) करताना "-एस" लावलं की "साइन्ड-ऑफ-बाय" ही ओळ नाव आणि ईमेलसह पडते. अर्थ असा की हे मी केलं आहे किंवा देण्याचा मला हक्क आहे. विसरलं तर शेवटच्या कमिटला "अमेंड -एस", मागच्या अनेकांना "रिबेस --साइनऑफ", आणि मग "फोर्स-विथ-लीज" वापरून पुश. नुसतं "फोर्स" शिकवू नका. ब्राउझरमधूनच बदल करणाऱ्यांसाठी रिपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये वेब कमिटला साइन-ऑफ सक्तीचं करण्याची खूण आहे, ती करून ठेवा. ईमेल कायमचा जाहीर होतो हे मात्र आधीच लिहा. विद्यार्थी घरचाच पत्ता घालून मोकळे होतात.

न्यायमंदिर_मागे

वागणुकीबद्दल. रावपुरा, कोव्हेनंट चिकटवून *सुरुवात* होते, भागत नाही. २.१ आवृत्तीत संपर्काची जागा चौकटी कंसात रिकामी सोडलेली असते. कितीतरी प्रकल्पांत तो कंस आजही तसाच आहे! म्हणजे नियम आहेत, दार ठोठवायला दारच नाही. मजकूर सीसी बाय ४.० खाली आहे, तेव्हा मराठीत करून घ्या, श्रेयाची ओळ मात्र काढू नका. मराठी आणि इंग्रजी दोन्ही ठेवलंत तर वादात कुठलं धरायचं तेही लिहा.

तक्रारीसाठी एक वेगळा ईमेल, जो दोघांकडे पोचतो. दोघांतला एक तरी मुख्य मेंटेनर नसावा. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तो आपोआप बाजूला, आणि दोघांपैकी एकाविरुद्ध असेल तर थेट दुसऱ्याला लिहिता यावं म्हणून दोघांचे वेगळे पत्तेही द्या. सगळे एकमेकांच्या घरी गणपतीला जाणारे असताना हे जास्तच लागतं, कारण "जाऊ दे रे, आपलाच आहे" ही आपली ठरलेली पद्धत. पोच ४८ तासांत, निर्णय चौदा दिवसांत, आणि निर्णय तक्रारदाराला कळवायचाच. तो न कळवल्याने माणसं जातात.

तक्रार आली की पहिलं काम म्हणजे त्या कॉमेंटची लिंक आणि स्क्रीनशॉट घेणं. कॉमेंट नंतर बदलता किंवा पुसता येते. मग कॉमेंट लपवा किंवा चर्चा "फार तापली" हे कारण देऊन लॉक करा, आणि त्यानंतर निवांत विचार. निर्णयासाठी कोव्हेनंटमध्ये चार पायऱ्या आहेत: खाजगीत समज, ताकीद, काही काळ बंदी, कायमची बंदी. धमकी किंवा पाठलागाला पहिली पायरी लागू नाही, थेट वरची, हे लिहून ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपही नियमांच्या कक्षेत आहे हेही. बहुतेक घाण तिथेच होते.

तुमच्या बडोदेकर मराठीच्या वादाला तयार मसुद्यात उत्तर मिळणार नाही. तिथे धर्म, लिंग, जात वगैरे आहे, बोलीवरून हिणवणं वेगळं लिहावं लागेल. असं काहीतरी:

"चर्चा शब्दाची करावी, बोलणाऱ्याच्या गावाची, जातीची किंवा शाळेची नाही. 'हा शब्द मला छापील मजकुरात सापडला नाही' हे चालेल. 'ही मराठीच नव्हे', 'आधी मराठी शिका' हे चालणार नाही. प्रादेशिक शब्दासाठी दोन स्वतंत्र छापील वापर दाखवावेत. दाखवले की शब्द घेतला जाईल, त्यावर मतदान होणार नाही."

शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची. शब्द घ्यायचा की नाही याची कसोटी ठरली की टोमणे मारायला कारणच उरत नाही. आणि बडोद्याला छापील आधाराची ददात नाही, मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जुनी मराठी पुस्तकं आहेत. पुस्तकाचं नाव, साल, पान एवढं इश्यूत लिहायला सांगा.

रावपुरा_टर्मिनल

सगळ्यांचे आभार, खूपच कामाचं. एक शंका: काही काळ बंदी म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? आमच्याकडे ब्लॉक केलं की कायमचंच दिसतंय, दिवसांचा पर्यायच नाही. आणि माझा मित्र म्हणतो सात दिवसांची मुदत आम्हालाच झेपणार नाही.

न्यायमंदिर_मागे

वैयक्तिक खात्यात तसंच असतं. रिपॉझिटरी ऑर्गनायझेशनखाली (गिटहबवरच्या गटाच्या खात्याखाली) हलवा. तिथे ब्लॉक करताना १, ३, ७, ३० दिवस किंवा बेमुदत असं निवडता येतं, आणि कोड लिहिण्याचा अधिकार न देता एखाद्याला मॉडरेटर नेमता येतं. तक्रारी बघणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाला तेच करा. बाहेरून झुंड आली तर संवादावर तात्पुरती मर्यादा घाला, २४ तासांपासून ६ महिन्यांपर्यंत, म्हणजे फक्त जुने योगदाते लिहू शकतील.

सुरसागर_४२

हलवताना इश्यू, पुल रिक्वेस्ट, स्टार सगळं सोबत जातं आणि जुनी लिंक नव्याकडे वळते. पण जुन्या खात्यात त्याच नावाची दुसरी रिपॉझिटरी बनवू नका, वळण तुटतं. गिटहब पेजेसचा (रिपॉझिटरीवरून चालणाऱ्या संकेतस्थळाचा) पत्ता मात्र वळत नाही. डाउनलोडचं पान त्यावर असेल तर ॲड-ऑनच्या माहितीतली लिंक त्याच दिवशी बदला.

सात दिवस झेपत नसतील तर एकवीस लिहा. पाळता येईल तोच आकडा फाइलमध्ये जाऊ द्या.