ट्रकची लांबची लाइन सोडून लोकल गाडी धरू का?

रावेरहून केळी भरून दिल्लीच्या आझादपूर मंडीत नेतो, १४ वर्षं झाली. माल पिकायच्या आत पोचवायचा, म्हणून झोपही केबिनमध्येच. परवा पहाटे घरी आलो तर ३ वर्षांची लेक मला बघून आजीच्या पदराआड लपली. भुसावळपर्यंतची लोकल फेरी मिळतेय, पण पैसे निम्मे. काय करू?

धुळेकर: दादा, मी आग्रा रोडवर २० वर्षं काढली. सोडली तेव्हा पोरगा दहावीत. आता बोलतो, पण कामापुरतंच. तुमची लेक लहान आहे, सोडा.

चोपडेकर: भाऊ, आधी सहा महिन्यांचा किराणा बाजूला काढा. हेवी लायसन्स मात्र चालू ठेवा.

प्रश्नकर्ता: आज कळण्याची भाकरी चुरून मीच भरवली. खाल्ली तिनं. शेठला उद्या सांगतो.